दोन महिन्यांचा डॉक्टर

कुडचे डॉक्टरांना पहिला ठोसा मी मारला. थेट नाकावर. चष्मा कुठं उडाला ते दिसलं नाही, पण हाड मोडलेलं मला माझ्या मुठीत कळलं. सकाळचे अकरा वाजले होते. मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्याचा तळमजला, बाकांवर ओळीनं पेशंट बसलेले, आणि डॉक्टर भिंतीला पाठ घासत खाली बसत चाललेले.

"उठ," मी म्हणालो. "उठ की भाडखाऊ. माझ्या बहिणीवर आळ घेतोस?"

मी रघुनाथ जमदाडे. बोअर मारायच्या गाड्या आहेत माझ्या. त्या वेळी चौतीस वर्षांचा होतो, अंगात रग होती, आणि दिवसभर मशीनच्या आवाजात राहून साधं बोलणंसुद्धा ओरडल्यासारखं व्हायचं. माझा हात पटकन सुटतो हे सगळ्या गावाला माहीत होतं. मला त्याची लाज नव्हती, उलट ऐटच होती. ही गोष्ट मी पुढं नऊ वर्षं छाती फुगवून सांगितली. तशी सांगायची का बंद केली ते शेवटी सांगतो.

माझी बहीण वैजयंता, आमची वैजू, तेव्हा तेवीसची होती. सांगलीला राहून बी.एड. करत होती. तिच्या गळ्यात गाठ आली, ती कॅन्सरची निघाली. ऑपरेशन करून थायरॉइडची ग्रंथी काढली. मागं काही बारीकसारीक राहिलं असेल तर ते मारायला किरणं असलेलं आयोडीन प्यायला देतात. घोटभर औषध. पण ते प्यायलं की माणूस चार दिवस एका खोलीत एकटा. भिंती जाड, दाराला शिसं, आत नर्ससुद्धा फार वेळ थांबत नाही. त्याआधी महिनाभर थायरॉइडची रोजची गोळी बंद आणि आयोडीनच्या मिठाचा कणही चालत नाही. वैजूचं तोंड सुजलं होतं, बोलणं जड झालं होतं. आई रोज तिचं वेगळं शिजवायची आणि चुलीपुढं बसून रडायची. कधी एकदा ते औषध पोटात जातंय असं आम्हाला झालं होतं.

त्या मंगळवारी आम्ही तिघं तिला घेऊन गेलो. मी, माझा धाकटा भाऊ उत्तम आणि आमचे वडील, अण्णा. आठ वाजता एस्तेर सिस्टरनं तिचं रक्त घेतलं. काळीसावळी, ठेंगणी, पन्नाशीची बाई. सगळ्या वॉर्डाला तिचा धाक होता.

"आता रक्त कशाला?" अण्णांनी विचारलं.

"डोसच्या आधी घ्यावंच लागतं, बाबा. सगळ्यांचं घेतो."

सिस्टरनं वैजूला समोरच्या खोलीत नेऊन बसवलं. नऊच्या सुमाराला कुडचे डॉक्टर आले. बारीक अंगाचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. अण्णांच्या शेजारी बाकावरच बसले.

"आज जरा गडबड आहे, अण्णा. सरकारची समिती आलीय. मला ठेवायचं का काढायचं ते ठरवणार आहेत."

"काढायचं? आन ते कशापायी?"

"मी साधा फिजिशियन. मुंबईला दोन महिन्यांचं ट्रेनिंग घेतलं आणि इथं ही खोली चालू केली. नऊ वर्षं झाली. आता सरकार म्हणतंय, हे औषध देणाऱ्यानं तीन वर्षं त्याचंच शिक्षण घेतलेलं पाहिजे. माझ्यासारख्या जुन्यांचं काय करायचं यावर वाद चाललाय." मग हसून म्हणाले, "तुमच्या मुलीला डोस देतो आणि आत जाऊन भांडतो. काळजी करू नका."

समितीची बैठक त्याच मजल्यावर टोकाच्या हॉलमध्ये होती. उकाड्यानं दार सताड उघडं टाकलेलं. मला बसवत नव्हतं, म्हणून मी दाराशी जाऊन उभा राहिलो. पाच माणसं टेबलापलीकडं. अलीकडं एका बाजूला कुडचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पुण्याच्या आठल्ये मॅडम. मॅडमचं शिक्षण पुरतं तीन वर्षांचं. केस पांढरे, आवाजाला धार.

"औषध पाजायला दोन महिनेसुद्धा नकोत," मॅडम म्हणत होत्या. "दोन दिवसांत कुणीही शिकेल. काहीतरी बिघडलं की मग काय करायचं? तिथं शिक्षण लागतं. हे किरणांचं काम आहे, डॉक्टर. सलाइन लावणं नव्हे."

"मान्य आहे, मॅडम," कुडचे म्हणाले. "पण सांगली, सोलापूर, खाली विजापूरपर्यंत एवढ्या मुलखाला ही एकच खोली आहे. तिला कुलूप लागलं तर माणसांनी पुण्याला जायचं. निम्मी जाणारच नाहीत, घरी बसून मरतील. मी चारशेच्या वर डोस दिलेत. एक जरी मोजताना चुकला असेल तर दाखवा, आत्ता खुर्ची सोडतो."

मला राहवलं नाही. दारातूनच ओरडलो, "बरोबर हाय डॉक्टर! हाणा!"

शिपायानं मला हाताला धरून मागं आणलं. तर सांगायचं म्हणजे, पावणेअकरापर्यंत मी त्या माणसाच्या बाजूचा होतो.

मग एस्तेर सिस्टर एक पाकीट घेऊन हॉलकडं घाईनं गेली. डॉक्टर बाहेर आले, चालता चालता कागद वाचला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला. आमच्याकडं न बघता वैजूच्या खोलीत गेले. सिस्टरही आत गेली. दार लागलं. पाच-सात मिनिटं झाली असतील.

तेवढ्यात उत्तमला बाकावर एक चिठ्ठी सापडली. सकाळी रक्ताबरोबर पाठवायची चिठ्ठी, तिची कार्बनची नक्कल. उत्तम बारावी झालेला. त्यानं ती वाचली आणि त्याचं तोंड उतरलं.

"दादा, हे बघ. काय लिवलंय बघ."

"काय?"

"प्रेग्नन्सी टेस्ट. वैजूच्या नावापुढं."

मी चिठ्ठी हिसकावली. तेवढे दोन शब्द मलाही वाचता आले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकावर आणखी दहा माणसं होती, त्यातली दोघं आमच्याच भागातली. अण्णा खाली मान घालून बसले. चार गावांत ज्यांच्या शब्दाला मान, तो माणूस फरशीकडं बघत बसलेला मी पहिल्यांदा बघितला.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, दार तसंच मागं उघडं राहिलं.

"अण्णा," ते हळू बोलले, "आज डोस देता येणार नाही. जरा माझ्या खोलीत या, बसून बोलू. रघुनाथ, तुम्हीही या."

"हे कुणी लिवलं?" मी चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"मी लिहिलं. नियम आहे. प्रत्येक बाईची..."

पुढचं मी बोलूच दिलं नाही.

ठोसा बसल्यावर सगळी पळापळ झाली. बाया किंचाळल्या. मी डॉक्टरांना कॉलर धरून उभं केलं आणि पोटात गुडघा घातला. उत्तमनं बाजूनं लाथ घातली. भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं खाली पडून गडगडत गेलं. डॉक्टरांच्या नाकातून रक्ताची धार लागली, पांढरा कोट भिजला. आणि एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. मार खाणारा माणूस हात तोंडावर घेतो. ह्या माणसानं दोन्ही हात छातीवर, खिशावर दाबून धरले होते, आणि तोंड मला मोकळं सोडलं होतं.

"काय लपवालाईस? रिपोर्ट हाय का त्यात? दाव!"

"रिपोर्ट नाही," ते म्हणाले. रक्त तोंडात गेल्यानं शब्द बुडबुड्यांसारखे येत होते.

"दाव म्हणतो न्हवं!" मी त्यांचं डोकं धरून भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटणार तोच एस्तेर सिस्टर मधे घुसली. डॉक्टरांना छातीशी कवटाळून ती माझ्यावर ओरडली, "मार, मला मार! मेल्या, माणूस मारतोस? मार मला!"

बाईवर हात कसा उचलायचा, म्हणून मी थांबलो. आता हे सांगताना माझं मलाच हसू येतं. बाईवर हात उचलत नाही म्हणे!

तोवर हॉलमधली माणसं धावत आली होती. समितीचे अध्यक्ष, टकले, जाडे गृहस्थ, विचारत होते, "काय झालं? पोलिसांना बोलवा!"

"बोलवा! कुणालाबी बोलवा!" मी म्हणालो. "माझी बहीण बिनलग्नाची हाय. हा तिची असली टेस्ट लिवतो! चारचौघांत! ह्यो डॉक्टर हाय का कोण?"

आठल्ये मॅडम पुढं झाल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली. माझ्याकडं वर मान करून बघितलं, जरासुद्धा भ्याल्या नाहीत.

"टेस्ट लिहिली ते बरोबरच आहे. लग्न झालेलं असो वा नसो, प्रत्येक बाईची करावीच लागते. अपमान कसला त्यात?" मग डॉक्टरांकडं वळून म्हणाल्या, "कुडचे, रिपोर्ट कुठं आहे?"

डॉक्टर सिस्टरच्या खांद्याला धरून उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा उत्तमकडं. उत्तमच्या हातात ते लाल नळकांडं आलेलं होतं.

"टेस्ट केलीच नाही," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्या पेशंटची होती. मी चुकून ह्या मुलीच्या नावावर लिहिली."

"ऐकलं?" मी ओरडलो. "चुकून म्हणं!"

"मग आता करा," मॅडम म्हणाल्या. "तासाचं काम आहे. रिपोर्ट आला की डोस मी स्वतः देते. मुलीचे हाल कशाला?"

"नको," डॉक्टर एकदम मोठ्यानं म्हणाले. "डोस देता येणार नाही. तो बिघडलाय."

"बिघडलाय म्हणजे?"

"मोजताना माझी चूक झाली. हवा होता त्याच्या दुप्पट काढला मी. दिला असता तर..." त्यांना खोकला आला, रक्त फरशीवर पडलं. "मॅडम, तुम्ही आत म्हणत होता ते खरं आहे. दोन महिन्यांत हे शिकून होत नाही. मला नाही जमत. ह्या मुलीला तुमच्याकडं पुण्याला घेऊन जा."

अध्यक्षांनी घाम पुसला. "डॉक्टर, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? हे लिहून द्याल?"

"देतो."

"तुमची परवानगी जाईल. ही खोलीही बंद होईल."

"लिहून देतो म्हणालो ना."

आठल्ये मॅडम औषध ठेवायच्या खोलीत गेल्या. मुंबईहून शिशाच्या भांड्यातून आलेला तो डोस तिथंच होता. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. कुडचे डॉक्टरांपुढं क्षणभर उभ्या राहिल्या.

"बघितला मी," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "वाया गेलाय. घ्या लिहून."

मग पोलीस आले, पण डॉक्टरांनी तक्रार दिली नाही. मी मात्र दिली. समितीच्या टेबलावर बसून, माझ्याच मुठीचं रक्त कागदाला लागत होतं तरी, एक पानभर अर्ज लिहून घेतला आणि खाली सही ठोकली. डॉक्टर अर्धवट शिकलेला आहे, बहिणीला विष पाजणार होता, घरंदाज माणसांची अब्रू घेतो. पुढं त्या वादात जिथं जिथं बैठक झाली तिथं माझा अर्ज आणि डॉक्टरांचा कबुलीजबाब वाचून दाखवला गेला, असं पेपरात आलं होतं. तीन वर्षांची अट पक्की झाली. मिरजेची ती खोली बंद पडली. कुडचे डॉक्टर दूर कुठल्याशा तालुक्याच्या गावी सर्दी-खोकल्याचं औषध देत बसले.

वैजूला मॅडमनी पुण्याला नेलं. नंबर लागायला आठ महिने जातील, तोवर तपासण्यांना जवळ राहावं लागेल, असं अण्णांना सांगितलं. ती आमच्या धाकट्या मावशीकडं राहिली. पुढं तिला औषध मिळालं, ती ठणठणीत बरी झाली, तिथंच शाळेत शिक्षिका म्हणून लागली. लग्न मात्र केलं नाही. आम्ही स्थळं आणायचो, ती नको म्हणायची. आजारामुळं मन विटलं असेल, असं आम्ही धरून चाललो.

आणि मी? मी बोअरच्या गाडीवर, लग्नाच्या पंगतीत, पारावर, जिथं चार माणसं भेटतील तिथं सांगायचो, कसा एका बोगस डॉक्टराला भिंतीवर आपटला, सरकारचे डोळे कसे उघडले. लोक पाठ थोपटायचे.

नऊ वर्षांनी दिवाळीला वैजू गावी आली होती. दुपारची जेवणं चालली होती. अण्णा तोवर गेले होते, आई उत्तमकडं होती. मी, वैजू आणि माझी बायको शालन, एवढेच घरात. मी जेवता जेवता पेपर चाळत होतो. आतल्या पानावर छोटीशी चौकट होती, फोटोसकट. डॉ. सुकुमार कुडचे यांचे निधन.

"मेला बघ," मी म्हणालो. "तो दोन महिन्यांचा डॉक्टर. बरं झालं, एक भोंदू कमी..."

वैजूनं माझ्या कानफटात मारली.

तोंडातला घास बाहेर पडला. मी मोठा भाऊ, तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी. घरात मला कुणी अरे केलेलं नाही. मी उठलो, हात वर गेला. तिनं दुसरी मारली. पहिल्यापेक्षा जोरात. ताट उलटलं, आमटी सगळ्या फरशीवर.

"मार," ती म्हणाली. "मार ना. आता मी भीत नाही तुला."

शालन मधे आली. "वन्सं, अहो, काय झालं?"

"रिपोर्ट होता खिशात," वैजू म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "टेस्ट माझीच होती. दिवस गेले होते मला, दोन महिने. मला माहीत नव्हतं दादा, आईशप्पथ. गोळ्या बंद केल्यात म्हणून पाळी चुकली असेल असं वाटलं. ते औषध मी प्यायले असते तर पोटातलं पोर अपंग झालं असतं. नाहीतर गेलं असतं, आणि तिथंच सगळं बाहेर आलं असतं. तू डोकं आपटत होतास तेव्हा सिस्टरनं मिठी मारून तो कागद काढून घेतला."

कान वाजत होता.

"आणि डोस?" मी कसाबसा म्हणालो. "दुप्पट काढला म्हणून..."

"डोस बरोबर होता. मॅडमनी मोजून बघितला. पुण्याला गेल्यावर त्यांनीच सांगितलं मला. म्हणाल्या, मी आयुष्यभर ज्यासाठी भांडले ते मला त्या दिवशी खोट्यावर मिळालं, आणि मला ते खोटं मोडता आलं नाही. बाळंतपण, पोराला घर मिळवून देणं, सगळं त्यांनीच निस्तरलं. मावशीला माहीत होतं. माझ्यापासून चार पावलांवर उभं राहून त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं स्वतःला अडाणी म्हणून घेतलं, दादा. चारशे डोसांत एक चूक नव्हती त्यांची."

त्या पोराचा बाप कोण होता, हे मी विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही. तिनंही सांगितलं नाही, आणि बरंच केलं.

"पण मला सांगायचं होतं की त्यांनी," मी म्हणालो. "बाजूला घेऊन सांगितलं असतं तर..."

"तेच करणार होते!" वैजू ओरडली. "मी पाया पडले त्यांच्या. घरी सांगू नका, असं मी म्हणाले. तर ते मला म्हणाले, घाबरू नको, तुझ्या भावाला मी नीट समजावून सांगतो. मघाशी दारातून मला शाबासकी देत होता, चांगला माणूस दिसतो. असं म्हणून बाहेर आले ते. दार उघडंच होतं, मी सगळं बघत होते. तू मारलंस, ते पडले, आणि पडल्या पडल्या त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. तेव्हा ठरवलं त्यांनी, की खरं कळलं तर तू मला जिवंत ठेवणार नाहीस."

शालननं फडकं आणलं होतं, पण ती ते हातात धरून तशीच उभी होती. वैजू माझ्यासमोर खाली बसली. तिचा आवाज आता एकदम खाली आला.

"एवढंच सांग, दादा. तुझ्याबद्दल चुकलं का त्यांचं?"

नाही म्हणावं, मी असं काही केलं नसतं म्हणावं, असं फार वाटलं. तोंडही उघडलं. पण त्या दुपारी माझ्या घरात, माझ्या बहिणीसमोर, ते येईना.

"न्हाई," मी म्हणालो. "बरोबर वळखलं त्यांनी."